तुटीतून गवसलेला कण

१९६० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत, तेव्हाच्या म्हैसूर राज्यातील कोलारच्या सोन्याच्या खाणीत, भूपृष्ठापासून सुमारे २,७६० मीटर खोल अशा ठिकाणी, जेथे खडकाच्या उष्णतेने माणसाचा जीव कासावीस होतो आणि वरच्या दगडाच्या भाराने भिंती केव्हा फुटतील याची शाश्वती नसते, तेथे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील काही भौतिकशास्त्रज्ञांनी कण मोजणारी यंत्रे मांडली, ती सुमारे दोन महिने चालू ठेवली, आणि मुदत संपल्यावर नोंदी पाहिल्या तेव्हा म्यूऑनांच्या रकान्यात शून्य होते. एखाद्या सरकारी खात्याने ह्या खटाटोपाची कैफियत मागविली असती, तर ‘काही आढळले नाही’ एवढा शेरा मारून प्रकरण दप्तरी दाखल झाले असते. वस्तुतः त्या शून्यातच पुढच्या कामाची मंजुरी होती.

अंतराळातून येणारे विश्वकिरण वातावरणाच्या वरच्या थरात हवेतील अणुकेंद्रांवर आदळतात, त्या आघातातून नाना जातींचे कण उत्पन्न होतात, आणि त्यांपैकी म्यूऑन हे इतके भेदक असतात की इमारती, टेकड्या, खाणी यांपैकी कशानेही ते सहजासहजी अडत नाहीत. होमी भाभांनी बी. व्ही. श्रीकांतन ह्या तरुण संशोधकास १९५१ मध्ये कोलारला धाडले ते ह्याच म्यूऑनांची खोलीगणिक मोजदाद करण्यासाठी. दहा वर्षे ती मोजदाद चालली, आणि अखेर जेथे म्यूऑन पोहोचतच नाहीत अशी हद्द लागली. आता त्या खोलीवर, किंवा तिच्या थोडे वर, एखादा म्यूऑन आडव्या दिशेने येताना दिसला, तर तो वरून आलेला असणे शक्य नव्हते. तो तेथेच, खडकाच्या पोटात, कोणा अदृश्य पाहुण्याच्या धडकेने जन्मलेला असला पाहिजे. हा पाहुणा म्हणजे न्यूट्रिनो.

पदार्थाचे जे मूलकण आज आपणांस ठाऊक आहेत त्यांत न्यूट्रिनोएवढा विपुल आणि न्यूट्रिनोएवढा अपरिचित दुसरा कण नाही. सूर्याच्या गाभ्यातून निघालेले न्यूट्रिनो हा मजकूर वाचणाऱ्याच्या अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेतून दर सेकंदास साडेसहा हजार कोटींच्या संख्येने पार होत असतात, आणि रात्री सूर्य पृथ्वीच्या पलीकडे गेला म्हणून त्यांत खंड पडत नाही, कारण सगळी पृथ्वी ओलांडून ते पायाखालून येतात. ह्या कणाविषयी आपण जे काही जाणतो ते बहुतेक सारे काहीतरी कमी पडले, नाहीसे झाले, अपेक्षेप्रमाणे आढळले नाही, अशा नोंदींतून जाणतो. आणि आज जे प्रश्न अनुत्तरित आहेत त्यांची उत्तरेही कदाचित त्याच मार्गाने यावयाची आहेत. म्हणून ह्या कणाची हकीकत सांगावयाची तर ती तुटींच्या क्रमाने सांगणेच इष्ट.

पहिली तूट १९१४ मध्ये बर्लिन येथे उघडकीस आली. काही किरणोत्सर्गी मूलद्रव्यांच्या अणुकेंद्रातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतो आणि केंद्राचे रूपांतर दुसऱ्या मूलद्रव्यात होते. ह्या क्रियेत किती ऊर्जा मोकळी होते हे आधीच्या व नंतरच्या केंद्रांच्या वस्तुमानांवरून निश्चित ठरते, तेव्हा बाहेर पडणाऱ्या प्रत्येक इलेक्ट्रॉनाजवळ तेवढीच ऊर्जा असावयास पाहिजे. जेम्स चॅडविकने मोजून पाहिले तो इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जा अगदी शून्यापासून त्या कमाल मर्यादेपर्यंत सर्वत्र पसरलेल्या आढळल्या. जमेच्या बाजूस रुपया आणि खर्चाच्या बाजूस कधी चार आणे, कधी दहा आणे, कधी पंधरा, आणि बाकीची रक्कम तिजोरीतही नाही, असा हा ताळेबंद होता. पुढे १९२७ मध्ये एलिस व वूस्टर यांनी ही गहाळ ऊर्जा उष्णतेच्या रूपाने तरी प्रयोगपात्रात उरते काय ह्याची रुजुवात घेतली, आणि ती उरत नाही असे ठरले. नील्स बोर यांच्यासारख्या श्रेष्ठ पुरुषानेही तेव्हा ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम अणुकेंद्राच्या आत लागू नसेल अशी शंका बोलून दाखविली. म्हणजे हिशेब जुळत नाही तर हिशेबाचा कायदाच रद्द समजावा, असा तो सल्ला होता.

वोल्फगांग पाउली ह्या तीव्र बुद्धीच्या आणि त्याहून तीव्र जिभेच्या शास्त्रज्ञाने दुसरी तजवीज सुचविली. डिसेंबर १९३० मध्ये झ्यूरिखहून त्याने ट्यूबिंगेन येथे जमलेल्या किरणोत्सर्गाच्या अभ्यासकांस एक पत्र लिहिले, त्यात आपण स्वतः येऊ शकत नाही कारण गावात नृत्याचा समारंभ आहे असे सांगितले, आणि इलेक्ट्रॉनाबरोबर एक विद्युद्भाररहित, अतिशय हलका, कोणासही न दिसणारा कण बाहेर पडत असावा व गहाळ ऊर्जा तोच घेऊन जात असावा, अशी कल्पना भीत भीत मांडली. हिशेब जुळविण्यासाठी कोणी न पाहिलेला इसम कागदावर उभा करणे हे कारकुनाने केले तर त्यास आपण खोटा दाखला म्हणतो, आणि पाउलीलाही ह्या गोष्टीची लाज वाटत असे. तथापि चार वर्षांनी एन्रिको फर्मीने त्या कणास पायाभूत धरून जो सिद्धांत रचला तो इतका यशस्वी झाला की न पाहिलेल्या कणावर विश्वास ठेवणे हीच शहाण्यांची रीत ठरली. त्याच वर्षी बेटे आणि पायर्ल्स यांनी गणित करून दाखविले की हा कण एक प्रकाशवर्ष जाडीच्या शिशातूनही पार होण्याचा चांगलाच संभव आहे. सबब तो सापडण्याची आशा व्यर्थ आहे.

ती आशा व्यर्थ ठरली नाही ती अणुभट्टीमुळे. रेनिस आणि कोवन ह्या अमेरिकी जोडीने प्रथम अणुबाँबच्या स्फोटाजवळ विवर खणून त्यात यंत्र सोडावयाचे असा एक भयंकर बेत केला होता, आणि त्यास मंजुरीही मिळाली होती. सुदैवाने त्यांना त्याहून शांत उपाय सुचला, आणि १९५६ मध्ये दक्षिण कॅरोलायनातील सव्हाना नदीकाठच्या अणुभट्टीजवळ त्यांनी तासाला सुमारे तीन ह्या हिशेबाने न्यूट्रिनोच्या प्रतिकणांच्या धडका नोंदविल्या. पाउलीस तार गेली. त्याच्या कल्पनेस तेव्हा पंचवीस वर्षे उलटून गेली होती.

कोलारचे स्थान ह्यानंतरचे. भट्टीतला न्यूट्रिनो मानवनिर्मित. निसर्गात, वातावरणात जन्मणारा न्यूट्रिनो अद्याप कोणी पाहिला नव्हता. टाटा संस्था, जपानचे ओसाका सिटी विद्यापीठ आणि इंग्लंडचे डरहॅम विद्यापीठ यांनी मिळून चँपियन रीफ खाणीत सुमारे २,३०० मीटर खोलीवर यंत्रे उभारली. तिकडे दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या एका खाणीत स्वतः रेनिसचा गट ह्याच शोधात होता. आणि १९६५ मध्ये दोन्ही गटांना काही आठवड्यांच्या अंतराने हे नैसर्गिक न्यूट्रिनो गवसले, त्यातही छापील निबंध आधी प्रसिद्ध झाला तो कोलारच्या मंडळींचा. एम. जी. के. मेनन, श्रीकांतन आणि त्यांचे सहकारी यांच्या ह्या कर्तृत्वाची माहिती आपल्याकडील पदवीधरांसही सहसा नसते. सोने संपत चालले म्हणून खाणीचे खोल भाग पाण्याखाली गेले, १९९२ च्या सुमारास प्रयोगशाळा आटोपली, २००१ मध्ये खाणच बंद झाली. सोन्याच्या जमाखर्चात प्रयोगशाळेचे अस्तित्व हा केवळ एक किरकोळ रकाना होता, हे त्यावेळी कोणास खटकल्याचे दिसत नाही.

आता दुसऱ्या तुटीकडे वळू, कारण ह्या साऱ्या इतिहासात तिच्याइतकी मनोरम कथा दुसरी नाही. अमेरिकेतील साउथ डकोटा राज्यात होमस्टेक नावाची सोन्याची खाण होती; तेथे सुमारे दीड किलोमीटर खोलीवर रेमंड डेव्हिस ह्या रसायनशास्त्रज्ञाने कपड्यांच्या ड्रायक्लीनिंगमध्ये वापरतात त्या द्रवाने भरलेली ३ लाख ८० हजार लिटरांची टाकी बसविली. सूर्याकडून आलेला न्यूट्रिनो त्या द्रवातील क्लोरीनच्या अणूवर आदळला तर त्याचा आर्गॉन होतो. अशा आदळण्याचे प्रमाण इतके अल्प की सगळ्या टाकीत दोन दिवसांत जेमतेम एक अणू तयार व्हावयाचा, आणि डेव्हिसने कित्येक आठवड्यांनी ती टाकी हेलियम वायूने धुऊन त्या अगणित अणूंच्या सागरातून ही मूठभर रत्ने वेचून काढावयाची. हे काम त्याने सुमारे पाव शतक केले. आणि प्रत्येक वेळी, जॉन बाकॉल ह्या त्याच्या मित्राने सूर्याच्या गाभ्याचे गणित मांडून जेवढे न्यूट्रिनो यावेत असे सांगितले होते, त्याच्या सुमारे एक-तृतीयांशच हाती लागले.

प्रथम सर्वांनी डेव्हिसला दोष दिला, मग बाकॉलला, मग सूर्याला. रसायनशास्त्रज्ञाला अणू वेचता येत नाहीत, खगोलशास्त्रज्ञाला सूर्याचे तापमान कळत नाही, किंवा सूर्य आतून विझत चालला आहे, अशा तीन प्रकारच्या फिर्यादी क्रमाने दाखल झाल्या आणि क्रमाने खारीज झाल्या. न्यूट्रिनोवर मात्र कोणी आरोप केला नाही, असे म्हणणे संपूर्ण खरे नाही. १९५० मध्ये पश्चिम युरोप सोडून सोव्हिएत संघात निघून गेलेला ब्रूनो पोंटेकॉर्व्हो हा इटालियन भौतिकशास्त्रज्ञ १९५७ पासूनच सांगत होता की न्यूट्रिनो वाटेत आपले रूप बदलत असावा. न्यूट्रिनोच्या तीन जाती आहेत, एक इलेक्ट्रॉनाची सोबतीण, एक म्यूऑनाची, एक टाऊ नावाच्या कणाची. डेव्हिसची टाकी फक्त पहिल्या जातीस ओळखत होती. आणि सूर्यातून पहिल्या जातीचे म्हणून निघालेले न्यूट्रिनो पृथ्वीवर येईपर्यंत तिन्ही जातींत वाटले गेले असतील, तर टाकीत तिसरा हिस्साच दिसावा ह्यात नवल ते काय. परंतु ह्या कल्पनेस एक अट होती, आणि ती मोठी महागाची होती: रूप बदलावयाचे तर न्यूट्रिनोला वस्तुमान असले पाहिजे, आणि प्रस्थापित सिद्धांताने ते शून्य धरलेले होते.

निकाल लागला तो जपानात आणि कॅनडात. कामिओकाच्या खाणीत एक हजार मीटर खडकाखाली ५० हजार टन अतिशुद्ध पाणी आणि त्याभोवती सुमारे अकरा हजार प्रकाशग्राही नळ्या, असे सुपर-कामिओकांडे नामक यंत्र १९९६ पासून चालू आहे. (२००१ मध्ये त्यातील एक नळी फुटली आणि तिच्या धक्क्याने साडेसहा हजारांहून अधिक नळ्या पाठोपाठ फुटल्या, ज्या वर्गाच्या माणसांनी हे यंत्र पुन्हा उभे केले त्यांचे मन कोणत्या धातूचे असते हे भौतिकशास्त्र सांगू शकत नाही.) १९९८ मध्ये ह्या गटाने जाहीर केले की वातावरणात जन्मलेले म्यूऑन-जातीचे न्यूट्रिनो वरून येतात तेवढेच खालून, म्हणजे सारी पृथ्वी ओलांडून, येत नाहीत, लांबच्या प्रवासात त्यांच्यातील सुमारे निम्मे हरवतात. तिसरी तूट ती ही. पुढे २००१ आणि २००२ मध्ये कॅनडातील सडबरी येथे, निकेलच्या खाणीत, सरकारी अणुऊर्जा कंपनीकडून उसने आणलेल्या हजार टन जड पाण्याने तिन्ही जातींची एकत्र मोजणी केली, आणि एकूण बेरीज बाकॉलच्या आकड्याशी जुळली. सूर्य निर्दोष, डेव्हिस निर्दोष, बाकॉल निर्दोष. डेव्हिसला २००२ मध्ये नोबेल पारितोषिक जाहीर झाले तेव्हा तो ८७ वर्षांचा होता. कामिओकाच्या काजिता यांस आणि सडबरीच्या मॅकडोनल्ड यांस ते २०१५ मध्ये मिळाले.

येथवरच्या हकीकतीने वाचकाचा असा समज होण्याचा संभव आहे की प्रकरण मिटले. वास्तविक खरी चौकशी येथूनच सुरू होते. पहिला प्रश्न वस्तुमानाचा. रूप बदलण्याच्या वेगावरून वस्तुमानांमधील फरक तेवढे कळतात, वस्तुमाने कळत नाहीत. त्या फरकांवरून इतके निश्चित होते की तिघांपैकी निदान एकाचे वस्तुमान एक इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या विसाव्या हिश्श्याहून कमी नाही. इलेक्ट्रॉनाचे वस्तुमान ह्याच मापात ५ लाख ११ हजार भरते. जो कण सर्व द्रव्यकणांत इतका विलक्षण हलका, त्याला वस्तुमान ज्या मार्गाने मिळाले तो मार्ग बाकीच्यांपेक्षा निराळा असावा, ही शंका स्वाभाविक आहे. आणि तो मार्ग प्रस्थापित सिद्धांताच्या पुस्तकात लिहिलेला नाही.

वस्तुमान प्रत्यक्ष तोलण्याचा उद्योग जर्मनीतील कार्ल्सरूह येथे चालला. तेथील काट्रिन ह्या यंत्राचा मुख्य भाग म्हणजे दहा मीटर व्यासाचे, दोनशे टनांचे एक पोलादी पात्र. ते जेथे बनले ते गाव प्रयोगशाळेपासून सुमारे चारशे किलोमीटरांवर, पण रस्त्याने नेण्याजोगे नसल्यामुळे २००६ मध्ये ते डॅन्यूब नदीतून काळ्या समुद्रात, तेथून भूमध्य समुद्र व अटलांटिक वळसा घालून ऱ्हाइन नदीच्या मार्गाने, सुमारे नऊ हजार किलोमीटर फिरून मुक्कामी पोहोचले. ट्रिटियमच्या अणुकेंद्रातून निघणाऱ्या इलेक्ट्रॉनाची कमाल ऊर्जा न्यूट्रिनोच्या वस्तुमानाने किती घटते ते हे यंत्र पाहते. म्हणजे चॅडविकच्या जुन्या तुटीचेच शेवटचे टोक भिंगाखाली धरावयाचे. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेले उत्तर असे की ते वस्तुमान ०.४५ इलेक्ट्रॉन-व्होल्टपेक्षा अधिक नाही. किती आहे हे सांगता येत नाही. किती नाही एवढे सांगता येते.

तिकडे आकाशगंगांच्या मांडणीचे सर्वेक्षण करणाऱ्यांनी वेगळ्याच वाटेने तिन्ही वस्तुमानांच्या बेरजेवर मर्यादा घातली आहे, आणि ती दिवसेंदिवस इतकी आवळत चालली आहे की प्रयोगांतून निघणाऱ्या किमान बेरजेला, म्हणजे सुमारे ०.०६ इलेक्ट्रॉन-व्होल्टला, ती भिडू पाहते. उद्या ती त्याच्याही खाली गेली, तर विश्वाच्या इतिहासाचे आपले गणित कोठेतरी बिघडलेले आहे असा त्याचा अर्थ होईल. माझा स्वतःचा कल असा की अशा वेळी घाईने नवा सिद्धांत रचण्यापेक्षा मोजणाऱ्यांना आणखी पाच वर्षे द्यावीत. डेव्हिसला पंचवीस द्यावी लागली होती.

दुसरा प्रश्न क्रमाचा. तीन वस्तुमानांपैकी दोन एकमेकांच्या अगदी जवळ आहेत आणि तिसरे दूर आहे. हे तिसरे त्या दोघांहून जड की हलके? जड असल्यास क्रम सरळ, हलके असल्यास उलटा. पृथ्वीच्या पोटातून जाताना तेथील इलेक्ट्रॉनांच्या सहवासाने न्यूट्रिनोचे रूपांतर किंचित बदलते, आणि कोणता क्रम आहे त्याप्रमाणे हा बदल न्यूट्रिनोत अथवा त्याच्या प्रतिकणात अधिक दिसतो. नेमका हा भेद ओळखण्यासाठी भारताने ५० हजार टन चुंबकीकृत लोखंडाचे यंत्र बांधावयाचे योजिले. पहिली जागा निलगिरीतील सिंगारा. ती वाघांच्या अभयारण्याशेजारी म्हणून नाकारली गेली. दुसरी तमिळनाडूच्या तेनी जिल्ह्यातील पोट्टिपुरम; तिला जानेवारी २०१५ मध्ये केंद्र सरकारची सुमारे दीड हजार कोटी रुपयांची मंजुरी मिळाली. त्यानंतर हरित लवादापुढे तक्रारी, परवाना तहकूब, परवाना पुन्हा बहाल, वन्यजीव मंडळाच्या संमतीची अट, आणि अखेर २०२२ मध्ये राज्य सरकारचे सर्वोच्च न्यायालयात असे प्रतिज्ञापत्र की पश्चिम घाटातील ह्या संवेदनशील डोंगरात परवानगी देता येत नाही.

ह्या प्रकरणी विज्ञानप्रेमी मंडळी गावकऱ्यांच्या अज्ञानाकडे बोट दाखवितात, आणि त्यात थोडे तथ्य आहेही; न्यूट्रिनोमुळे किरणोत्सर्ग पसरेल, डोंगरात अणुकचरा पुरतील, अशा अफवांना काही आधार नव्हता. पण सुरुंग, बोगदा, वाहनांची वर्दळ, पाण्याचे झरे आणि वाघांची वाट ह्यांविषयीचे प्रश्न अफवा नव्हते. डोंगर ज्यांचा त्यांची संमती ही कागदपत्रांच्या गठ्ठ्यातली शेवटची बाब मानली गेली, तर पुढेही असेच होणार. कोलारमध्ये हा प्रश्न उद्भवला नाही, कारण तेथे भोक आधीच पाडलेले होते आणि ते सोन्यासाठी पाडले होते; सोन्यासाठी डोंगर पोखरण्यास आपण सहसा हरकत घेत नाही. मदुराईस ८५ टनांचे एक छोटे प्रारूप चालू आहे, एवढेच आज ह्या प्रकल्पाच्या जमेस आहे.

दरम्यान चीनने दक्षिणेतील ग्वांगडोंग प्रांतात दुसऱ्या युक्तीने तोच प्रश्न हाती घेतला. दोन अणुऊर्जा केंद्रांपासून सुमारे ५३ किलोमीटरांवर, सातशे मीटर खडकाखाली, ३५ मीटर व्यासाच्या पारदर्शक गोलात वीस हजार टन चकाकणारा द्रव भरलेले जूनो हे यंत्र ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाले. भट्ट्यांतून येणाऱ्या प्रतिन्यूट्रिनोंच्या ऊर्जापटावर ज्या सूक्ष्म लहरी उमटतात त्यांच्या मांडणीवरून क्रम सरळ की उलटा हे त्यास वाचावयाचे आहे. पहिल्या दोन महिन्यांच्या नोंदींवरूनच काही जुने आकडे पूर्वीपेक्षा अधिक काटेकोर झाले. क्रमाच्या निर्णयास मात्र काही वर्षे लागतील.

तिसरा प्रश्न न्यूट्रिनो आणि त्याचा प्रतिकण यांच्या वर्तनात भेद आहे काय हा. विश्वाच्या आरंभी द्रव्य आणि प्रतिद्रव्य समसमान असते तर दोन्ही परस्परांस नष्ट करून केवळ प्रकाश उरला असता. आपण उरलो, त्याअर्थी कोठेतरी पक्षपात झाला, आणि तो न्यूट्रिनोच्या कुळात झाला असावा असा तर्क आहे. जपानात तोकाईहून कामिओकापर्यंत २९५ किलोमीटर, अमेरिकेत फर्मिलॅबहून मिनेसोटापर्यंत ८१० किलोमीटर, असे न्यूट्रिनोंचे झोत जमिनीतून सोडून हा पक्षपात मोजला जात आहे. दोन्ही गटांनी आपले हिशेब एकत्र केले तरी निर्णायक उत्तर निघालेले नाही. ह्याहून मोठा प्रयोग १,३०० किलोमीटर अंतरावर उभा राहत आहे, आणि त्याचे दुसरे टोक डेव्हिसच्या त्याच होमस्टेक खाणीत आहे. त्यासाठी लागणारी प्रचंड दालने तेथे खोदून झाली आहेत. तीन जातींव्यतिरिक्त कशाशीच व्यवहार न करणारी चौथी जात आहे काय, हा वादही ह्याच दप्तरात पडून आहे. त्याच्या बाजूचे पुरावे वरचेवर येतात आणि वरचेवर विरतात, म्हणून त्यात येथे शिरत नाही.

उरला चौथा प्रश्न, आणि तो मला सर्वांत गहन वाटतो. एत्तोरे मायोराना ह्या सिसिलियन तरुणाने १९३७ मध्ये दाखवून दिले की विद्युद्भार नसलेला कण स्वतःच स्वतःचा प्रतिकण असू शकेल. पुढच्याच वर्षी मार्च महिन्यात, पालेर्मोहून नेपल्सला जावयाच्या प्रवासात, वयाच्या एकतिसाव्या वर्षी तो बेपत्ता झाला आणि त्याचा ठावठिकाणा कधीच निर्विवादपणे लागला नाही. त्याचा प्रश्नही तसाच मागे राहिला. न्यूट्रिनो असा असेल तर त्याच्या हलकेपणाचा उलगडा होण्यास आणि वर सांगितलेल्या पक्षपाताचा मार्ग सापडण्यास मोठीच मदत होईल. पडताळा घेण्याचा व्यवहार्य उपाय एकच ठाऊक आहे. काही अणुकेंद्रांतून एकाच वेळी दोन इलेक्ट्रॉन आणि दोन प्रतिन्यूट्रिनो बाहेर पडतात. न्यूट्रिनो स्वतःचाच प्रतिकण असेल तर क्वचित प्रसंगी ते दोघे आतल्या आत एकमेकांची फेड करतील आणि फक्त दोन इलेक्ट्रॉन, संपूर्ण ऊर्जेनिशी, बाहेर येतील. जेथे तूट नाही असा हिशेब शोधावयाचा, अशी ही उलटी शोधाशोध आहे.

२००१ मध्ये हायडेलबर्ग येथील काही संशोधकांनी जर्मेनियममध्ये अशी घटना आढळल्याचा दावा केला, तो पुढच्या अधिक स्वच्छ प्रयोगांत टिकला नाही. कामिओकातच सुमारे पाऊण टन निवडक झेनॉन घेऊन बसलेल्या गटाने आता असे सांगितले आहे की ही क्रिया घडत असलीच तर तिचा अर्धायुःकाल एकावर सव्वीस शून्ये ह्या संख्येच्या साडेतीनपटीहूनही अधिक वर्षांचा असला पाहिजे. विश्वाचे वय एकावर दहा शून्यांच्या थोडे पुढे आहे. हे आकडे ऐकून कोणास हसू येईल. पण प्रोटॉन विघटित होतो काय हे पाहण्यासाठी कोलारला १९८० मध्ये १४० टन लोखंडाचे यंत्र बसविले गेले तेव्हाही असेच आकडे होते. तेथे दिसलेल्या काही संशयास्पद घटनांना पुढे पुष्टी मिळाली नाही, पण त्याच प्रोटॉनाची वाट पाहण्यासाठी बांधलेल्या कामिओकाच्या पूर्वीच्या टाकीत फेब्रुवारी १९८७ मध्ये दीड लाखांहून अधिक प्रकाशवर्षे दूर फुटलेल्या ताऱ्याचे अकरा न्यूट्रिनो येऊन पडले. प्रोटॉन अद्याप तेथेही विघटित झालेला नाही.

मायोरानाचा प्रश्न आणि क्रमाचा प्रश्न हे एकमेकांत गुंतलेले आहेत, आणि पुढील दशकात काय होईल हे बहुतांशी ह्या गुंत्यावर अवलंबून आहे. क्रम उलटा निघाला, आणि न्यूट्रिनो स्वतःचाच प्रतिकण असला, तर ती दुर्मिळ क्रिया एका ठराविक मर्यादेहून अधिक दुर्मिळ असू शकत नाही, आणि आता आखलेले टनभर वजनाचे नवे प्रयोग त्या मर्यादेपर्यंत पोहोचतील. तेथेही शून्य आले तर न्यूट्रिनो व प्रतिन्यूट्रिनो हे वेगळे आहेत असे जवळजवळ सिद्ध होईल. क्रम सरळ निघाला, आणि तूर्त कल थोडा तिकडे आहे, तर अशी कोणतीही हमी उरत नाही: शून्य आले तरी त्यावरून काहीच ठरणार नाही, आणि शोध पुढे न्यावयाचा तर शेकडो टन झेनॉन लागेल. हा वायू हवेत अत्यल्प असतो, पोलाद कारखान्यांसाठी प्राणवायू वेगळा काढताना त्याबरोबर थोडा थोडा मिळतो, आणि साऱ्या जगात दरसाल जेवढा तयार होतो तेवढा सगळा विकत घेतला तरी अशा एका प्रयोगाची गरज भागण्यास कित्येक वर्षे लागतील.